आर्ताची हाक आणि बंद दवाखाना



आजचं चिंतन गीतेच्या ७ व्या अध्यायातल्या १६ व्या श्लोकावर. भगवंत तिथे भक्तांचे चार प्रकार सांगतात: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी भक्त त्यांना सगळ्यांत प्रिय, हे खरं. पण यादीत पहिलं नाव कुणाचं आहे बघा. आर्ताचं! संकटात कळवळून हाक मारणाऱ्याचं.

हा श्लोक आता रात्री २ वाजता एखाद्या घरात नेऊन बघूया. बाबांच्या छातीत दाबल्यासारखं होतंय, दरदरून घाम सुटलाय. नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना केव्हाच बंद झालाय, फोन लागत नाही. बाबा म्हणतात, "अरे, गॅस असेल. आत्ता कुणाला उठवतोस? देवाचं नाव घे, सकाळी बघू." मग प्रश्न असा, की या क्षणी गप्प बसून देवावर सोडणं ही श्रद्धा आहे का?

भागवतातला गजेंद्र आठवा. पाण्यात मगरीने पाय धरल्यावर तो आधी स्वतःच्या ताकदीवर झुंजला. बाकीच्या हत्तींनीही त्याला ओढून बघितलं. जमत नाही म्हटल्यावर त्याने हाक मारली, आणि त्या हाकेत कुणालाच कमीपणा दिसत नाही. 'मी एकटा पुरा पडत नाही' हे मान्य करणं हीच तर शरणागतीची सुरुवात. आपल्या "सकाळी बघू"मध्ये मात्र बऱ्याचदा संकोच असतो, खर्चाची धास्ती असते, आणि काही गंभीर निघालं तर काय, ही भीती असते. त्यावर देवाचं नाव लावलं म्हणून त्याची भक्ती होत नाही.

शिवाय थांबणं हासुद्धा एक निर्णयच आहे. मेंदूत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आतच देता येतं. रात्री १ वाजता तोंड वाकडं झालं आणि आपण सकाळी १० ला दवाखाना उघडायची वाट पाहिली, तर ९ तास गेले. देवाने दिलेली वेळ आपणच घालवली, नाही का?

पण वडिलांचा शब्द मोडायचा? इथे नीट विचार करायला हवा. स्वतःच्या शरीराबद्दल नाही म्हणायचा हक्क बाबांना आहेच. पण आत्ता ते 'गॅस असेल' या अंदाजावर नाही म्हणतायत. आधी तपासणी होऊ दे, खरं काय ते कळू दे, मग त्यांनी ठरवावं. तोवर आग्रह धरणं हा उद्धटपणा नाही, ती सेवाच आहे.

मग शटर ओढून घरी गेलेल्या डॉक्टरांचं काय? त्यांना दोष द्यायचा का? गीतेच्या ६ व्या अध्यायात आहार, श्रम, झोप आणि जागरण या सगळ्यांत प्रमाण राखायला सांगितलंय. ते डॉक्टरांनाही लागू आहे. एका माणसाने कायम जागं राहावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून तर समाज पाळ्या लावून जागा राहतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा आहे, तिच्यासोबत डॉक्टर येतात. जपमाळेतही १०८ च मणी, तेव्हा नंबर विसरायला आपल्याला सबब नाही!

ही मदत म्हणजे कुणाची मेहेरबानीही नाही. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार होता, तरी जागा नाही, सोय नाही म्हणत एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारी रुग्णालयात तातडीचे उपचार वेळेवर न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्याला २५,००० रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. आर्ताची हाक ऐकणं हा धर्म आहे, तसा तो कायदाही आहे.

अर्थात हाकेला विवेकाची जोड हवी. साध्या सर्दीसाठी रुग्णवाहिका बोलावली, तर त्याच वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी बाबांना ती मिळणार नाही. अंग थोडं कोमट आहे, पण माणूस नीट बोलतोय, पाणी पितोय, तर सहसा सकाळपर्यंत लक्ष ठेवता येतं. छातीत दाब, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, न थांबणारं रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर मात्र थांबायचं नाही.

आजचा नेम छोटासाच. संध्याकाळच्या आरतीनंतर एका कागदावर १०८ आणि ११२ हे नंबर लिहा. घराजवळ रात्रभर चालू असणारं रुग्णालय कोणतं, ते आजच विचारून घ्या. आईबाबांची रोजची औषधं आणि कशाची ॲलर्जी आहे, तेही लिहा. कागद फ्रिजवर लावा. आणि रात्री कधी गरज पडलीच, तर एका हाताने फोन लावा, तोंडाने नाम चालू ठेवा. दोन्ही एकाच वेळी जमतं.

राम कृष्ण हरी!