न तुटलेले चार

जीपगाडीच्या चाकाचा एक स्टड तुटला, तर एकच बदलावा की पाचही? हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजातला आहे. माझ्या मते तो नीतिशास्त्राचा आहे, आणि दिवाळीच्या निवांतपणात त्यावर थोडा विचार करायला हरकत नसावी.

दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ साली अमेरिकेत तयार होऊ लागलेली विलीज जीप १९४७ पासून मुंबईत महिंद्रांकडे जुळवली जाऊ लागली. तिच्या वंशातल्या जुन्या गाड्या अजूनही कुठे कुठे जपलेल्या दिसतात. हरमलसारख्या गावात मात्र समुद्राचा खारा वारा लोखंडाला सुखाने बसू देत नाही. नट गंजून बसतात, पान्याला लांब नळी लावून जोर केला जातो आणि एखादा स्टड मोडून हातात येतो. जुन्या विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांना आटे उलटे असतात, हे ठाऊक नसलेला माणूस नट सोडवतो आहे असे समजून तो अधिकच आवळत राहतो. जोर हा ज्ञानाचा पर्याय नव्हे, याचा इतका रोकडा पुरावा क्वचितच मिळेल.

आता मालक म्हणतो, "तुटला तो एक घाल. बाकीचे चार चांगले आहेत." मेस्त्री म्हणतो, "ह्या चाकाचे पाचही बदलूया." ऐकणाऱ्याला वाटते, मेस्त्री पैसे काढतो आहे. तसे काढणारे असतातही. म्हणूनच निवाडा करण्यापूर्वी वस्तुस्थिती समजून घेतली पाहिजे.

चाकाचा भार स्टड खुंटीप्रमाणे तोलतात, अशी आपली समजूत असते. खरे पाहता, नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाने चाक हबवर घट्ट दाबले जाते. त्या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर सारी गाडी चालते. पाचांपैकी एक तुटला किंवा ढिला पडला की तो दाब कमी होतो. चाक सूक्ष्म हलू लागते आणि उरलेल्या चौघांना प्रत्येक फेऱ्यात वाकवते. लोखंड असे थकत जाते. थकवा बाहेरून दिसत नाही. दिसतो तेव्हा तो भेग झालेला असतो. मर्यादेपलीकडे ताणला गेलेला स्टडही पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. तेव्हा न तुटलेले ते चार चांगले आहेत, हे आपण पाहिलेले नसते, नुसते मानलेले असते.

मग मालकाचा हक्क? गाडी त्याची, पैसा त्याचा, हे खरे. परंतु चाक निखळले तर ते समोरून येणाऱ्या सायकलवाल्याची संमती विचारत नाही. जिथे धोका दुसऱ्याच्या वाट्याला जातो, तिथे 'माझी वस्तू' हा युक्तिवाद अपुरा पडतो. मालकाची ऐपत नसेल, तर मेस्त्रीने मजुरी कमी करावी, चार दिवस उधार ठेवावी. पण स्टड कमी करू नयेत. दया स्वतःच्या खिशातून करावी, परक्याच्या जिवावर नव्हे.

अर्थात कर्तव्यालाही माप असते. पाच बदलायचे तर वीसही का बदलू नयेत, असे कोणी विचारील. उत्तर असे, की तुटलेल्याचा भार ज्यांच्यावर पडला ते बदलावेत. इतर तीन चाकांचे तपासावेत, दोष दिसला तरच बदलावेत. लोभी मेस्त्री आणि दक्ष मेस्त्री यांतला फरक इथेच कळतो. दक्ष माणूस कारण सांगतो, काढलेले जुने स्टड तुमच्या हातात देतो, आणि गरज नसेल तिथे थांबतो.

काम करण्याच्या रीतीतही नीती असते. जुन्या जीपचा स्टड हबमध्ये कड फुगवून बसवलेला असतो. ती कड आधी न कापता तो ठोकून काढला, तर भोक मोठे होते आणि नव्याला घर उरत नाही. वाईट काढून टाकण्याच्या घाईत चांगल्याची जागा बिघडवणारे सुधारक आपण समाजातही पाहतो. नवे नट ओळीने आवळायचे नसतात. एक सोडून एक, तिरपे, टप्प्याटप्प्याने आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसते. आणि थोडा प्रवास झाल्यावर ते पुन्हा तपासायचे असतात, कारण नवी जोडणी बसताना किंचित सैल होते. पैसे घेतले, काम संपले, असे म्हणता येत नाही.

दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ रणांगणावर निसटली, तेव्हा कैकेयीने तिथे आपले बोट घातले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. आपण कैकेयीच्या धैर्याचे कौतुक करतो. खीळ वेळेवर कोणी पाहिली नव्हती, याकडे लक्ष देत नाही. एका खिळीची किंमत शेवटी दोन वरांनी आणि चौदा वर्षांच्या वनवासाने चुकवावी लागली.

घरात, शाळेत, संस्थेत एक जण मोडून पडतो, तेव्हा आपण त्याच्याकडे धावतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा भार इतके दिवस न बोलता कोणी वाहिला, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे. जे तुटले नाहीत त्यांची चौकशी करणे, यालाच मी जबाबदारी म्हणतो.