खलनायक कोण?

बडनेरा जंक्शनवरून कोळशाच्या मालगाड्या जातात. पुढे अकोला जिल्ह्यात पारसचं ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र कोळशावरच चालतं. हा कोळसा निघतो त्या चंद्रपूर पट्ट्याला २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित ठरवलं.

तिथल्या घुग्घुससारख्या गावात वाढणाऱ्या मुलीवर किशोर कादंबरी लिहायची, तर खलनायक कोण? खाण म्हणावं, तर बाबांचा पगार तिथूनच येतो. तिचा खोकलाही तिथूनच. सोपा खलनायक देणं म्हणजे मुलांना फसवणं. पण ‘सगळेच दोषी’ हीसुद्धा पळवाटच. धूळ तिच्या अंगणात पडते, वीज आपल्या मोबाइलमध्ये येते. ही वाटणी कोणी केली, हे कादंबरीत तिला विचारू द्यावं. उत्तर मोठ्यांनी द्यायचं आहे.