किती करता हो त्यांचं!

ऑगस्टे डेटर या बाईला 1901 च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल केलं, तेव्हा तिचं वय 51 होतं. डॉ. अलोइस अल्झायमर यांनी तिला प्रश्न विचारले, तिची तुटक उत्तरं टिपून ठेवली. 1906 मध्ये ती वारल्यावर तिचा मेंदू तपासून त्यांनी निष्कर्ष मांडले आणि पुढे स्मृतिभ्रंशाच्या या आजाराला त्यांचंच नाव मिळालं. तिच्यातलं अगदी सुरुवातीचं एक लक्षण होतं नवऱ्यावरचा संशय. नवरा रेल्वेत कारकून होता. तिला दाखल करायची वेळ येईपर्यंत त्याने घरात काय काय सोसलं असेल, हे कुणी त्याला बसवून विचारलेलं दिसत नाही. रुग्णाची नोंद झाली, सांभाळणारा राहून गेला. शंभराहून अधिक वर्षं झाली, आपण अजून तिथेच आहोत.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शंभरात सात-आठ जण. यातले बहुतेक घरातच असतात आणि त्यांच्यामागे एकच माणूस उभा असतो, अनेकदा जोडीदार. मुलं दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात, रविवारी व्हिडिओ कॉलवर. त्या दहा मिनिटांत बाबा छान बोलतात, म्हणून आईच उगाच बाऊ करते असंही त्यांना वाटतं.

आमच्या शेजारच्या काकूंचं मी जवळून पाहिलं आहे. दिवे लागायची वेळ झाली की काका अस्वस्थ व्हायचे. स्वतःच्याच दिवाणखान्यात उभे राहून काकूंना म्हणायचे, ‘‘बाई, मला घरी सोडा हो. आई वाट बघत असेल.’’ सुरुवातीला काकू समजावायच्या, ‘‘अहो, हेच आपलं घर,’’ आणि मग आवाज चढायचे. पुढे त्यांनी वाद सोडला. ‘‘चला, सोडते,’’ म्हणून काकांच्या पायात चपला सरकवायच्या, दोघं इमारतीला एक फेरी मारायचे, आणि दाराशी येऊन त्या म्हणायच्या, ‘‘आलं बघा घर.’’ काका हात जोडायचे, ‘‘बरं झालं, फार उपकार झाले.’’ कपड्यांचंही तसंच. सगळे एकदम पुढे ठेवले की काका गोंधळायचे, म्हणून आधी बनियन, ते घालून झाल्यावरच सदरा. संडासाचं दार सताड उघडं आणि आतला दिवा रात्रभर चालू, म्हणजे त्यांना संडास सापडायचा.

याला आपण प्रेम म्हणून मोकळे होतो. प्रेम आहेच. पण हे आधी कौशल्य आहे, परिचारिकेइतकं पक्कं, आणि ते काकूंना कुणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. संध्याकाळी काय करायचं ते सांगितलं नाही. रात्री तीनला उठून दाराला कडी आहे ना बघायची, ‘माझे पैसे तूच चोरलेस’ हे ऐकून घ्यायचं आणि सकाळी त्याच माणसाला आंघोळ घालायची. सत्तरीच्या बाईने, गुडघे दुखत असताना.

आणि आपण काय करतो? कौतुक करतो. ‘किती करता हो त्यांचं! तुम्ही म्हणून निभावलंत.’ बायकोसाठी हेच करणाऱ्या पुरुषाचं तर दुप्पट कौतुक. मला या कौतुकाची चीड येते. कुणाला सावित्री म्हटलं की तिने थकायचं नाही, चिडायचं नाही, मदत मागायची नाही, हेही आपण परस्पर ठरवून टाकतो. मदतीला बाई ठेवली तर ‘नवऱ्याचं करवत नाही’, देखभाल केंद्रात ठेवलं तर ‘टाकून दिलं’. पत्नीधर्माच्या नावाखाली चोवीस तासांचं काम एकाच जिवावर ढकलायची ही सोय आहे.

कायदाही तिच्या बाजूने पुरेसा उभा नाही. 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुलांवर आणि वारसांवर जबाबदारी टाकतो. सांभाळणाऱ्या जोडीदाराच्या विश्रांतीचा विचार त्यात नाही. नवऱ्याने करून दिलेलं मुखत्यारपत्रही ऐन वेळी निरुपयोगी ठरतं, कारण 1872 च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की सर्वसाधारण मुखत्यारीही संपते. मग त्याच्या एकट्याच्या नावावरची ठेव त्याच्याच उपचारासाठी मोडायला बायकोला पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावं लागू शकतं. म्हणून निदान झाल्या झाल्या, त्यांना समजतंय आणि सही करता येतेय तोवर, खाती दोघांच्या नावे करा, ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो’ अशी. मृत्युपत्रही तेव्हाच उरकून घ्या. असं बोलणं अशुभ वाटतं, पण हे टाळल्याने पुढे जो त्रास होतो तो सगळा एकट्या बाईच्या वाट्याला येतो.

या दिवाळीत अशा एखाद्या घरी फराळाला गेलात तर आजारी माणसाला ‘ओळखलंत का मला?’ विचारून त्याची परीक्षा घेऊ नका. स्वतःचं नाव सांगा आणि शेजारी बसा. काकूंना ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. त्या कधीच सांगणार नाहीत. ‘दर मंगळवारी चार ते सहा मी येऊन बसते, तुम्ही बाहेर जा किंवा झोपा,’ एवढं म्हणा आणि पुढच्या मंगळवारी खरंच जा.