वहीतले खोटे आकडे

टाइप वन मधुमेहाच्या मुलांच्या ओपीडीत एक वही हमखास दिसते. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे रकाने आणि त्यांत महिन्याभराची शुगर. 110, 120, 130. सगळे आकडे शून्यावर संपणारे, एकाच पेनने, एका बैठकीत लिहिलेले. पानावर कुठे रक्ताचा पुसट ठिपकाही नाही. मग एचबीएवनसीचा रिपोर्ट येतो : 11 टक्के. म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर 270च्या आसपास. वही खोटी आहे हे खोलीतल्या सगळ्यांना कळतं. आई रागावते, डॉक्टर सुनावतात आणि बारा-तेरा वर्षांचं मूल खाली मान घालून बसतं.

याला बेशिस्त म्हणून मोकळं होता येतं. मला ती मनाला झालेल्या जखमेची खूण वाटते आणि ती जखम बहुतेक वेळा आपण मोठ्यांनीच केलेली असते.

सुईचं दुखणं मुलं पचवतात. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, तितक्याच वेळा बोट टोचणं, हे काही महिन्यांत अंगवळणी पडतं. 'लो' होण्याची भीती मात्र जात नाही. शुगर 70च्या खाली घसरली की घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे एकदा भर वर्गात झालं, शुद्ध हरपली, की कित्येक मुलं मुद्दाम शुगर चढी ठेवू लागतात. त्यांच्या दृष्टीने तो बचाव असतो. फाइलमध्ये मात्र 'निष्काळजी' अशी नोंद होते.

दुसरा घाव आशेचा. इन्सुलिन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशी पुन्हा काम करू लागतात, डोस अगदी कमी होतो. डॉक्टर याला 'हनिमून' म्हणतात. घरच्यांना वाटतं, पोर बरं होतंय. नवस फळला असं म्हणतात, कुणी जडीबुटीवाला गाठतात, क्वचित इन्सुलिनच बंद करतात. नंतर शुगर उसळते, मूल कीटोअॅसिडोसिसने आयसीयूत जातं आणि शुद्धीवर आल्यावर ऐकतं, 'काहीतरी खाल्लं असणार हिने.' वास्तविक हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मुलगी असेल तर आणखी एक ओझं असतं : कुणाला सांगू नकोस, पुढे लग्नाला अडचण येईल. आपल्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे, हे ती सातव्या-आठव्या वर्षी शिकते.

आईवडिलांना दोष देणंही अन्यायाचं आहे. रात्री तीनचा गजर लावून झोपलेल्या लेकराचं बोट टोचणारी आई स्वतःच धास्तावलेली असते. डोळे, मूत्रपिंडं खराब होतील हे तिने ऐकलंय आणि ते खरंच आहे. आकडे महत्त्वाचे आहेत, म्हणूनच ते खरे हवेत. जिथे 320 सांगितल्यावर उलटतपासणी होते, तिथे मूल पुढच्या वेळी 130 सांगणार. त्या खोट्या 130वर ठरवलेला डोस जिवावर बेतू शकतो. शिवाय 320ची कारणं कितीतरी असतात : ताप, परीक्षेचा ताण, वयात येतानाचे हार्मोन्स, एकाच जागी वारंवार टोचून झालेली गाठ. चोरून खाल्लेला पेढा हे त्यातलं फक्त एक.

नियम थोडेफार बदलले आहेत. 2017मध्ये सीबीएसईने मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या वर्गात खाऊ नेण्याची मुभा दिली. 2023मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहून शाळांमध्ये या मुलांची सोय करायला सांगितलं. तरीही इन्सुलिन घ्यायला शाळेच्या स्वच्छतागृहात जाणारी मुलं आहेत. आणि समुपदेशक? बहुतेक मधुमेह दवाखान्यांत त्याची खुर्चीच नाही. आहारतज्ज्ञ असते, डोळे तपासले जातात. झोप लागते का, शाळेत कुणी चिडवतं का, हे विचारायला कुणी नसतं. मुलांच्या मधुमेहावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मानसिक आरोग्याची तपासणी नेहमीच्या उपचारांचाच भाग मानली आहे. आपण मात्र तिला चैन समजतो.

आईवडिलांना, शिक्षकांना आणि माझ्या डॉक्टर मित्रांना एक कळकळीची विनंती. मुलाने वाढलेली शुगर सांगितली, तर 'काय खाल्लंस?' हा पहिला प्रश्न नको. आधी म्हणा, 'खरं सांगितलंस, बरं केलंस.' मग डोसचं बघा.