दुसऱ्याची वस्तू तुमच्या पेटीत आहे

सॉफ्टवेअरला नावं ठेवणं आधी बंद करा. रविवारचा मल्टीवर्ल्ड, म्हणजे पाच जणांनी मिळून खेळायचा खेळ, तो चालवणाऱ्या आर्किपेलॅगो या सॉफ्टवेअरमुळे बिघडला नाही, सर्व्हरमुळे नाही, इंटरनेटमुळे तर नाहीच. तो तुम्ही पाच जणांनी बिघडवला. सहाला खेळ सुरू व्हायचा होता. आठ वाजेपर्यंत तुम्ही फाइली निस्तरत बसलात आणि साडेनवाला दोघं न सांगता उठून गेले. उरलेले तिघं मध्यरात्रीपर्यंत उघडून झालेल्या पेट्यांपुढे ताटकळत होते. आणि आज मला काय ऐकवता? "सर, ते सॉफ्टवेअरच किचकट आहे." किचकट आहेच. म्हणूनच ते कसं चालतं हे लिहून ठेवलेलं असतं, आणि लिहिलेलं वाचायचं असतं. तुमच्यापैकी एकानंही ते शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं.

तुम्ही कशाला हात घातला होता ते आधी समजून घ्या. 'अ लिंक टू द पास्ट' हा सुपर फॅमिकॉमवरचा १९९१ सालचा झेल्डा मालिकेतला खेळ. त्याचा रँडमायझर २१६ जागांवरच्या वस्तू आपसात फिरवतो. हुकशॉट गावातल्या एखाद्या घरात सापडतो आणि जिथं तो असायचा तिथं वीस रुपी निघतात. एकटे खेळत असाल तर घोळ झाला तरी नुकसान तुमचं एकट्याचं. नवा सीड, म्हणजे वस्तूंचं नवं वाटप, काढा, विषय संपला. मल्टीवर्ल्डमध्ये पाचही जणांच्या वस्तू एकत्र करून पाच जगांत वाटल्या जातात. तुम्ही पेटी उघडता आणि तिच्यातून दुसऱ्याची वस्तू निघते. ती सर्व्हरमार्फत त्याच्या खेळात पोचते, तेव्हा कुठं त्याचं पुढचं दार उघडतं.

हे वाटप आंधळं नसतं. पुढं जायला लागणारी प्रत्येक वस्तू ठेवताना प्रोग्रॅम हिशेब करतो: ही वस्तू हातात नसताना, बाकीच्या उरलेल्या सगळ्या मिळतील असं धरून, कुठं कुठं पोचता येईल? त्यातल्याच एका जागी तो ती ठेवतो. म्हणून खेळ पुरा होईल याची खात्री देता येते. पण ही खात्री एका गृहीतावर उभी आहे. पाचही जण आपापल्या पेट्या उघडत राहतील, हे ते गृहीत. प्रोग्रॅमनं आपलं काम चोख केलं होतं. गृहीत तुम्ही मोडलंत.

कुठली वस्तू कुठं आहे ते सांगणारा स्पॉयलर लॉग मी उघडून पाहिला, म्हणून मोघम बोलत नाही. खिडकीजवळ बसला आहेस तो तू. तुझा मून पर्ल दुसऱ्याच्या जगात होता. त्याच्याशिवाय डार्क वर्ल्डमध्ये पाऊल ठेवलं की खेळाच्या नायकाचा, लिंकचा, ससा होतो आणि हातात तलवार धरता येत नाही. त्या दुसऱ्याला ती पेटी गाठायला अंधाऱ्या खोल्या ओलांडायच्या होत्या आणि त्यासाठी लॅम्प हवा होता. त्याचा लॅम्प तिसरीच्या जगात, काकारिको गावातल्या विहिरीत होता. ती विहीर खेळाच्या सुरुवातीपासून मोकळी असते. तिसरी, तू उत्तर दे. तीन पेट्या उघडल्यास आणि चौथी का सोडलीस? वर तुला हिंटही आली होती. त्या दुसऱ्यानं आपले साठवलेले गुण खर्चून लॅम्प कुठं आहे ते विचारलं. नेहमीच्या मांडणीत एका हिंटला आपल्या जगातल्या जागांच्या दहा टक्के गुण लागतात, म्हणजे वीसेक जागा धुंडाळल्यावर एक हिंट. त्यानं ती कमाई तुझ्याकडे निरोप धाडण्यात घातली. निरोप तुझ्या पडद्यावर ठळक उमटला. तू वाचला नाहीस, आणि थोड्या वेळानं उठून गेलीस.

अडकून वाट बघत बसणाऱ्याला या खेळात 'बीके' म्हणतात. बीके होणं हा खेळाचाच भाग आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कुणाची वस्तू उशिरा निघाली तर थांबावं लागतं. पण निघायला हवी ती वस्तू निष्काळजीपणानं पेटीतच राहिली, तर ते नशीब नव्हे. ते तुम्ही दुसऱ्याचे तास वाया घालवणं आहे.

आता फाइलींकडे येऊ, कारण घोळ तिथून सुरू झाला. प्रत्येकानं आपले पर्याय लिहिलेली यामल फाइल आदल्या दिवशी द्यायची होती. एकानं दिली ती सव्वासहाला. दोघांनी खेळाडूचं नाव 'लिंक' एवढंच लिहिलं. दोन खेळाडूंचं नाव एकच असेल तर जनरेटर फाइल नाकारणारच. नाव वेगळं हवं आणि १६ अक्षरांच्या आत हवं, हे लिहूनच ठेवलेलं आहे. एकीनं समास टॅबनं सोडला. यामलमध्ये समासाला अर्थ असतो, तो स्पेस देऊनच सोडायचा असतो, टॅब तिथं चालत नाही. आणि हे हातानं लिहायची गरज काय होती? आर्किपेलॅगोच्या संकेतस्थळावर पर्याय निवडून तयार फाइल उतरवून घेता येते. ती बरोबर आहे का, हे तपासायचीही सोय तिथंच आहे. दोन मिनिटांचं काम. ती दोन मिनिटं पाचांपैकी कुणी दिली नाहीत, म्हणून दोन तास पाचही जणांचे गेले.

त्याहून वाईट, तुम्ही न समजता पर्याय निवडलेत. तिघांच्या फाइलीत डेथलिंक चालू होता. का, असं विचारलं तर म्हणता, मित्राची फाइल जशीच्या तशी उचलली. डेथलिंक चालू असलेल्यांपैकी एक मेला की बाकीचेही मरतात. ठरवून घेतलात तर त्यात मजा आहे. न ठरवता घेतलात आणि त्यात एक नवशिका असला, तर दर पाच मिनिटांनी सगळ्यांचे प्राण जातात. प्रोग्रेशन बॅलन्सिंग एकानं शून्यावर नेलं होतं. वाट बघणं कमी व्हावं म्हणून महत्त्वाच्या वस्तू थोड्या आधी मिळतील अशी काळजी घेणारा तो पर्याय, आणि तो मुळात ५० वर असतो. शून्य केलंस ते कशासाठी? उत्तर नाही. ज्या ओळीचा अर्थ ठाऊक नाही तिला हात लावायचा नसतो. लावायचाच असेल तर आधी विचारायचं असतं.

रॉमबद्दल, म्हणजे खेळाच्या प्रतीबद्दल, मी जास्त कडक बोलणार आहे. एकानं पॅच लागलेली अख्खी फाइल ग्रुपवर टाकली. ती लगेच काढ. आर्किपेलॅगो खेळाडूला फक्त पॅच देतं, म्हणजे मूळ खेळात काय बदलायचं तेवढंच. मूळ खेळ त्यात नसतो, कारण तो दुसऱ्याच्या मालकीचा आहे आणि वाटायचा अधिकार ना त्यांना आहे ना तुम्हाला. पॅच बसवायला जपानी १.० आवृत्तीच लागते. अमेरिकी कार्ट्रिजची प्रत दिलीत तर प्रोग्रॅम तपासून नाकारतो, आणि नाकारायलाच हवं, कारण रँडमायझरचा सगळा हिशेब त्या जपानी आवृत्तीतल्या पत्त्यांवर बेतलेला आहे. स्वतःचं कार्ट्रिज असेल तर त्याची प्रत काढा. नसेल तर मल्टीवर्ल्डमध्ये दुसरा खेळ घ्या. आर्किपेलॅगोची सुरुवात झेल्डाच्या मल्टीवर्ल्डपासून झाली असली तरी आज त्यात कितीतरी वेगवेगळे खेळ एकत्र खेळता येतात. चेक्सफाइंडरसारखा मोफत खेळही आहे. एकाचा सुपर मेट्रॉइड, दुसऱ्याचा झेल्डा, तिसऱ्याचा चेक्सफाइंडर, सगळं एकाच सर्व्हरवर चालतं. 'रॉम नव्हता म्हणून कुठून तरी उचलला' ही सबब मला पुन्हा ऐकवू नका.

जोडणीचीही तीच गत. खेळ इम्युलेटरमध्ये चालतो, सर्व्हरशी क्लायंट बोलतो, आणि या दोघांच्या मध्ये एसएनआय नावाचा दुवा असतो. बिझहॉक वापरत असाल तर लुआ कन्सोल उघडून कनेक्टर स्क्रिप्ट चालवावी लागते. रेट्रोआर्क असेल तर नेटवर्क कमांड्स चालू कराव्या लागतात. एक पायरी राहिली की खेळ दिसतो, चालतो, पण एकही पेटी सर्व्हरला कळत नाही. दुसऱ्या बाकावरच्या, तू चाळीस मिनिटं तसाच खेळलास. क्लायंटची खिडकी एकदाही पाहिली असतीस तर जोडणी नाही हे तिथंच लिहिलेलं दिसलं असतं. आदल्या रात्री एकट्याचा लहान सीड काढून एक पेटी उघडायची, नोंद सर्व्हरवर उमटली का बघायची, आणि मग झोपायचं. याला तयारी म्हणतात.

सेव्ह स्टेटही बंद. बॉसशी हरलात की मागं जाता, ते तुमच्या खेळापुरतं. सर्व्हरला गेलेली नोंद परत येत नाही. तुम्ही मागं गेलात तरी बाकीचे चौघं पुढंच असतात. एकट्याचा खेळ खेळायचा असेल तर एकटे खेळा.

आणि सर्वांत मोठा दोष, उठून जाण्याचा. आपला नंबर लागून रक्कम हातात आली की हप्ते बंद करणाऱ्या माणसाला भिशीत पुन्हा कुणी घेत नाही. तुम्ही दोघांनी तेच केलंत. बाकीच्यांकडून आलेल्या वस्तू घेतल्यात, त्यांच्या जोरावर पुढं गेलात, आणि त्यांच्या वस्तू आपल्या पेट्यांत कोंडून निघालात. घरी काम निघतं, आई हाक मारते, हे मला कळतं. त्यासाठीही मार्ग आहे. रिलीज केलं की तुमच्या जगात उरलेली सगळ्यांची सामग्री ज्याची त्याला पोचते. ती आज्ञा कुणाला कधी देता येईल हे खेळ भरवणारा ठरवतो, म्हणून त्याला सांगून जायचं. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? पाच तास सलग बसता येणार नसेल तर असिंक खेळा. त्यात दिवसच्या दिवस सवडीनं खेळतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

खेळ भरवणाऱ्या, तूही सुटलेला नाहीस. सगळ्यांच्या फाइली येण्याआधी वेळ जाहीर केलीस. कुणाची कुठली आवृत्ती आहे ते पाहिलं नाहीस. रिलीजचा नियम कुणाला सांगितला नाहीस. यजमानानं पाहुण्यांच्या भरवशावर राहायचं नसतं.

मी एवढं बोलतो ते खेळ क्षुल्लक नाही म्हणून. पाच माणसं पाच वेगळ्या खोल्यांत बसून एकमेकांची दारं उघडतात, हे मला फार मोलाचं वाटतं. ते नीट करण्याची अक्कल तुमच्यात आहे, शिस्त नाही. शिस्त शिकता येते.

पुढच्या रविवारी पुन्हा भरवायचं. शुक्रवारी रात्रीपर्यंत तपासलेली फाइल यजमानाकडे, शनिवारी प्रत्येकाची जोडणीची चाचणी, आणि डेथलिंकसकट सगळे नियम लिहून सगळ्यांना. ज्याची फाइल शुक्रवारी आली नाही त्याच्याशिवाय सीड निघेल. वही इथं टेबलावर आहे. रविवारी सहा ते अकरा आपले नाहीत, बाकी चौघांचे आहेत, हे मान्य असेल त्यानंच तीत नाव लिहावं.