कळवळा आणि मोजमाप

हेतु शुद्ध असला म्हणजे कृतीचा दोष धुऊन निघतो, असें मानण्याची आपली जुनी संवय आहे. हातून कांहीं वावगें घडलें, तरी ‘मनांत तसें नव्हतें’ एवढें म्हटलें कीं आपण त्या माणसास क्षमा करून मोकळे होतों. व्यवहारांतील बहुतेक प्रसंगीं हा उदारपणा शोभतोहि. परंतु जेथें दुसऱ्याचा जीव सर्वस्वीं आपल्या हातीं असतो, तेथें हा न्याय पुरेसा आहे काय? नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागाचा विचार करितां आमच्या मनांत हा प्रश्न वारंवार उभा राहतो.

इ. स. १९५९ मध्यें अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथील डॉक्टरांनीं प्रसिद्ध केलेली हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बालकांना जंतुसंसर्गाचें भय अधिक, त्यांना रोग प्रकट होण्यापूर्वींच क्लोरॅम्फेनिकॉल देण्यांत येई. डॉक्टरांनीं गट पाडून तुलना केली, तेव्हां औषध न मिळालेल्या गटांत शेंकडा २० हून कमी, तर क्लोरॅम्फेनिकॉल मिळालेल्या गटांत शेंकडा ६० किंवा अधिक बालकें दगावलेलीं आढळलीं. अर्भकाचें अपक्व यकृत तें औषध निष्प्रभ करण्यास असमर्थ असतें. तें रक्तांत सांचत जातें, त्वचा राखेसारखी करडी पडते आणि रक्ताभिसरण कोसळतें. देणाऱ्यांच्या अंतःकरणांत कळवळ्यावांचून दुसरें कांहीं नव्हतें. तरी तो कळवळाच त्या बालकांना भोंवला.

त्या डॉक्टरांस दोषी म्हणावें काय? आमच्या मतें, नाहीं. जें कोणासच ठाऊक नव्हतें, त्याचा जाब कोणास विचारावा? उलट, आपल्या उपकाराचीच परीक्षा घेण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें, म्हणून पुढील बालकें वांचलीं.

आज मात्र अज्ञानाची ती सबब उरलेली नाहीं. जेंटामायसीन हें नित्याचें औषध घ्या. मात्रा अधिक झाली किंवा दोन मात्रांतील अंतर चुकलें, तर मूत्रपिंडास व श्रवणशक्तीस अपाय होऊं शकतो, हें सर्वांस विदित आहे. दोन मिलिलिटरच्या कुपींत औषध असतें ८० मिलिग्रॅम. एक किलो वजनाच्या बालकास द्यावयाचें ५ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरचा अवघा आठवा हिस्सा! मोठ्या माणसासाठीं भरलेल्या कुपींतून एवढासा अंश काढतांना दशांशचिन्ह एक घर सरकलें, कीं मात्रा दसपट झाली. आणि ज्याच्या शिरेंत ती जावयाची, त्यास ‘हें काय देतां?’ असें विचारण्यास वाचा नाहीं.

इ. स. २०१० मध्यें ब्रिटनमधील रुग्णसुरक्षा यंत्रणेनें याच औषधाविषयीं चार नियम घालून दिले. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणें लिहावी. औषध सिद्ध करणाऱ्यानें रंगीत एप्रन घालावा, म्हणजे मध्येंच त्यास कोणी हटकणार नाहीं. मात्रा दुसऱ्यानेंहि पडताळावी. आणि ठरल्या वेळेच्या मागेंपुढें तासाभराच्या आंत ती द्यावी. या नियमांत करुणेचें नांवहि नाहीं. परंतु करुणेचें प्रौढ रूप तें हेंच, असें आम्ही समजतों.

कोणी म्हणेल, अनुभवी परिचारिकेचा हिशेब दुसऱ्यानें तपासणें हा तिच्यावर अविश्वास नव्हे काय? अविश्वास असलाच तर तो मनुष्यमात्राच्या अवधानावर आहे, तिच्या सचोटीवर नव्हे. उत्तररात्रीं भल्याभल्यांचें लक्ष ढळतें. मात्र सोबत्यानें सांगितलेला आंकडा ऐकून नुसती मान डोलावणें ही पडताळणी नव्हे, तो शिष्टाचार झाला. हिशेब ज्याचा त्यानें पुनः केला पाहिजे. आणि ज्या रुग्णालयानें एका परिचारिकेच्या माथीं झेपणार नाहींत इतकीं बालकें दिलीं, त्यानें चूक घडल्यावर तिच्या एकटीकडे बोट दाखवावें, हा आम्हांस दुसरा अन्याय वाटतो.

‘माझ्या मनांत वाईट नव्हतें’ हें वाक्य क्षमा मागतांना शोभतें. औषध देण्यापूर्वीं त्याचा कांहीं उपयोग नाहीं. शुद्ध हेतु हें कर्तव्याचें पहिलें पाऊल. आपण चुकूं शकतों हें कबूल करून हिशेब दुसऱ्याच्या डोळ्यांखालीं घालणें, हें दुसरें. ज्यास बोलतां येत नाहीं, त्याच्या वतीनें विचारणारें कोणीतरी त्या खाटेशीं उभें असलेंच पाहिजे.