ज्या खेळास संध्याकाळ नाहीं

मुलांनीं खेळावें ह्यांत कांहीं पाप नाहीं. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या खेळतांनाच आपणही हरणें व पुन्हां उभें राहणें शिकलों. मग मूल मोबाईलवर ऑनलाइन खेळूं लागलें, तर आपला जीव कां घाबरा होतो?

प्रथम न्यायाचें तें बोलूं. ह्या खेळांत मुलास जें मिळतें, तें पुष्कळदां त्यास घरीं मिळत नाहीं. तेथें चुकल्यास कोणी रागें भरत नाहीं, लगेच दुसरा डाव मिळतो. थोडें साधलें कीं तत्काळ शाबासकी मिळते. आणि दूरगांवचे सवंगडी त्याची वाट पाहतात. ही भूक खरी आहे. तिचा उपहास करूं नये.

परंतु भेद असा कीं, दिवस मावळला म्हणजे विटी दिसत नाहीं व डाव आपोआप मोडतो. ह्या खेळास संध्याकाळच नाहीं. एक डाव संपतो न संपतो तोंच दुसरा उभा राहतो. रोज हजेरी लावणारास बक्षीस मिळतें. न येणाराचें तें बुडतें. कित्येक खेळांत पैसे भरून बंद पेटी उघडावयाची असते, व आंत काय निघेल तें ठाऊक नसतें. बेल्जियमच्या जुगार आयोगानें २०१८ सालीं अशा पेट्यांस जुगारच ठरविलें. ज्याची रचनाच न थांबण्यासाठीं केली आहे, त्यांत न थांबणाऱ्या एकट्या मुलास दोषी ठरविणें न्याय्य नव्हे.

मग कायदा पुरे आहे काय? सरकारनें सप्टेंबर २०२० मध्यें 'पबजी मोबाईल'वर बंदी घातली. जुलै २०२१ मध्यें जवळजवळ तोच खेळ दुसऱ्या नांवानें परत आला. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा केला, हें चांगलें झालें. पण जें मूल पैशांऐवजीं आपली झोंप व अभ्यास पणास लावितें, त्याचें रक्षण त्यानें होत नाहीं.

तें काम घराचें आहे. खेळास संध्याकाळ नसेल, तर ती आईबापांनीं आणावी. वेळ आधींच ठरवावी. सवंगड्यांसह चाललेला डाव मध्येंच हिसकावूं नये. रात्रीं मोबाईल मुलाच्या उशाशीं ठेवूं नये. परंतु जेवतांना स्वतःच मोबाईल पाहणाऱ्या बापाचें कोण ऐकेल? आणि मोबाईल काढून घेतल्यावर त्या रिकाम्या हातांत आपण काय देणार? शाबासकी, सोबत व चुकण्याची मोकळीक हीं मुलास घरींच मिळूं लागलीं, म्हणजे अर्धें काम झालें असें समजावें.